मदत हवी आहे : जतमधल्या बायकांच्या कोर्टाच्या तारखांचा खर्च, यासाठी फंड कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. आमची जत तालुक्यात (जिल्हा सांगली) एक छोटी संस्था आहे, 2019 ला धर्मादायकडे नोंदवलेली. पाच जणी आहोत, त्यातली एक वकील. पोटगी, घरगुती हिंसा, नवऱ्याच्या माघारी वारस नोंद अडलेली, असल्या केसेसमध्ये बायकांसोबत उभं राहायचं एवढंच काम. आठवडी बाजाराच्या दिवशी एका ओळखीच्यांच्या खोलीत बसतो, त्या दिवशी बायकांना घरातून निघायला कारण लागत नाही म्हणून.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की सरकारी वकील फुकट मिळतो ना मग पैसे कशाला? मिळतो, अगदी खरं आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अटसुद्धा नाही, तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज केला तरी वकील देतात, 15100 ला फोन केला तरी माहिती मिळते. आम्ही स्वतः सगळ्यांना तिकडेच पाठवतो आणि वकील मिळतातही. पण वकील मिळाला म्हणजे बाई तारखेला पोचली असं होत नाही हो.

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. एक बाई आली, हातात साखरेची रिकामी प्लास्टिकची पिशवी, त्यात रेशन कार्ड, लग्नाचा एक फोटो, पोराचा शाळेचा दाखला आणि कोर्टाचा कागद चार घड्या घालून. दोन तारखा चुकल्या होत्या. विचारलं का, तर म्हणाली, "ताई, डाळिंबाच्या बागंत काम चालू हाय, आज तारखेला गेले तर उद्या मुकादम बोलवत न्हाई." एका तारखेला 350 रुपये हजेरी बुडते. एसटीला बायकांना अर्धं तिकीट झालंय 2023 पासून त्याचा खूप आधार आहे, पण गाव ते फाटा वडाप (खाजगी जीप) भाडं, पोराला कुणाकडं ठेवायचं, झेरॉक्स, टायपिंग, हे तिचं तिलाच. त्यात पोटगीच्या केसला आता दोघांनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं (सुप्रीम कोर्टाचा 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल), त्याला नवऱ्याच्या कमाईचे कागद शोधत हिंडायचं, आणि नवरा ऊसतोडीच्या टोळीत कर्नाटकात, समन्स लागतच नाही. बऱ्याच जणींचे लाडकी बहीणचे 1500 यातच जातात.

आमची मागणी मोठी नाहीये. गावातलीच एक शिकलेली मुलगी पूर्णवेळ ठेवायची, जी आदल्या दिवशी फोन करेल, तारखेला सोबत जाईल, कागद गोळा करेल. मानधन 12000, बायकांचा आणि तिचा प्रवास 5000, झेरॉक्स टायपिंग वगैरे 3000. महिना 20000, वर्षाला 2 लाख 40 हजार. एवढंच.

आत्तापर्यंत काय केलं ते पण सांगते. 12ए (संस्थेला आयकर सूट), 80जी (देणगीदाराला करसवलत), दर्पण (संस्थांची सरकारी पोर्टलवरची नोंद), सीएसआर-1 (कंपन्यांचा सामाजिक कामाचा, म्हणजे सीएसआरचा, निधी घ्यायची नोंदणी) सगळं झालंय. एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची परवानगी) नाही आणि त्या भानगडीत पडायचं पण नाही. वैयक्तिक देणगीदार आहेत पण आता बरेच जण न्यू टॅक्स रिजिमला गेलेत, 80जीची पावती त्यांच्या कामाची नाही, तरी काही जण देतात त्यांचे उपकारच आहेत. एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांकडे दोनदा जाऊन आले. पहिलं म्हणणं, पगार वगैरे प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांत बसवा. दुसरं, लाभार्थी महिलांचे बॅनरसोबत फोटो द्या. ज्या बाईला सासरचे शोधतायत तिचा फोटो मी कसा देऊ? मी तिथंच नाही म्हणून उठले. घरी येऊन मात्र रात्रभर झोप लागली नाही की आपण हट्ट करून बायकांचे पैसे घालवले का.

तर प्रश्न असे: असल्या "तारखेच्या खर्चाला" कोण पैसे देतं? प्रपोजल कसं मांडायचं? आणि फोटोच्या ऐवजी काय देता येतं?

प्रतिसाद

ताई, फोटोबद्दल तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. मी वीस वर्षं ट्रस्टची हिशोबाची कामं बघतो, दोन गोष्टी सांगतो. 5 टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चाला, राबवणाऱ्या संस्थेला नाही. तुमच्या कार्यकर्तीचं मानधन हाच प्रकल्पाचा खर्च आहे, तसंच लिहा. आणि प्रपोजलवर "कायदेशीर मदत" हे नाव पुढं करू नका, कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये (सीएसआरमध्ये कुठली कामं बसतात त्याची यादी) ते शब्द नाहीत, पण स्त्री-पुरुष समानता, महिला सक्षमीकरण, मागास घटकांमधली विषमता कमी करणं हे आहे, त्या कलमात बसवा. फोटोऐवजी नावं काढून रजिस्टरचा उतारा द्या, किती तारखा, किती हजर, किती अर्ज. दुसरं म्हणजे कंपन्यांच्या मागं कशाला, सांगली जिल्हा आहे आपला, पतसंस्था, कारखाने, सूतगिरण्या भरल्यात. सहकार कायद्याच्या कलम 69 खाली त्यांना नफ्यातला भाग धर्मादाय कामाला देता येतो, मंजुरी घेऊन. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात, तुम्ही जुलैतच संचालकांना भेटा.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. 5 टक्क्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, मी तर मानधन 8000 करून परत जायच्या विचारात होते. रजिस्टर आहे आमच्याकडं पण त्यात हजर-गैरहजरचा रकाना नाही, फक्त पुढची तारीख लिहितो. या बाजारापासून तो रकाना चालू करते, आणि तारीख का चुकली ते पण लिहून घेते. जत किंवा कवठेमहांकाळ भागातल्या पतसंस्थेत कुणाची ओळख असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी कागद घेऊन स्वतः येते.