उत्पन्नाचा दाखला नक्की कुणाचा? (अनुभव)

काल कपाट आवरताना २०१९ चा उत्पन्नाचा दाखला सापडला आणि सगळं आठवलं. लहानपणापासून पोलिओ, डाव्या पायाला कॅलिपर. तेव्हा हाताला काम नव्हतं म्हणून महिन्याच्या पेन्शनसाठी संजय गांधी निराधार योजनेत अर्ज केला. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. रेशनकार्ड एकत्र, भाऊ नोकरीला. टेबलापलीकडून उत्तर आलं, "भाऊ कमावतो ना, मग तुम्हाला कशाला?" बत्तिसाव्या वर्षी कुबडीच्या रबराचे पैसे भावाकडे मागत होते. तो कधी नाही म्हणाला नाही, पण मागावं लागायचं. तुम्हीही लिहा.

---

अगदी अगदी. मुलाला सेरेब्रल पाल्सी. त्याच्यासाठी मी नोकरी सोडली, तो गेलेला पगार कुठल्याच रकान्यात येत नाही. ह्यांचा वर्षाचा पगार ५०,००० च्या वर म्हणून पेन्शन नाही, आणि कर लागण्याइतका नाही म्हणून दिव्यांग नातेवाईक सांभाळणाऱ्यांना आयकरात मिळते ती ७५,००० ची वजावट उपयोगाची नाही. त्या वजावटीला उत्पन्नाची अट नाही बरं का! आम्ही मधल्यामधे. बाकी नंतर लिहिते, त्याला भरवायचंय.

---

माझं जरा वेगळं. बाबा शेतमजूर, आई पूर्ण अंध. तेव्हाचे महिना हजार रुपये, तेही रखडत यायचे, पण तिच्या नावावर यायचे. उत्पन्नाची अट काढली तर आमच्यासारखे रांगेत मागे पडतील, ही भीती वाटते.

---

^ भीती खरी आहे दादा. पण ५०,००० म्हणजे महिना ४,१६६. दोघं मजुरीला गेले तरी ओलांडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ आहे, दिव्यांगांना तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत. कारण जगायलाच जास्त खर्च येतो, आणि तो पगार बघून येत नाही. पेन्शनला मर्यादा ठेवा, पण सज्ञान माणसाचं स्वतःचं उत्पन्न मोजा. भावाचं कशाला?

---

विषयांतर, सॉरी. दिव्यांग प्रमाणपत्रावर ३८ टक्के आलेत, ४० लागतात. पुन्हा तपासणी मागता येते का?

---

हो, अपील करता येतं. जुने रिपोर्ट जोडा.

---

ताई, रबर घेताना कुबडीची नळी मोजून घे. सैल बसलं की ओल्या फरशीवर निसटतं. मागच्या महिन्यात पडलो.

---

मोजते. तू बरा आहेस ना आता?