मांजर डोळ्यात थेंब घालू देत नाही, एकटीने कसं जमवावं?

चिंगीच्या डाव्या डोळ्याला जखम झाली आहे. परवा सकाळी ती डोळा घट्ट मिटून बसली होती, पाणी गळत होतं आणि पंजाने सारखी चोळत होती. डॉक्टरांनी डोळ्यात एक केशरी रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, तेव्हा बुबुळावर मोहरीएवढा ठिपका हिरवा चमकला. कॉर्नियाचा अल्सर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला झालेली जखम. अँटिबायोटिकचे थेंब दिवसातून ४ वेळा, बाहुली मोठी करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब एकदा, दोन औषधांमध्ये निदान ५ मिनिटं अंतर, आणि ५ दिवसांनी परत दाखवायचं.

दवाखान्यात मदतनीसाने धरलं आणि थेंब क्षणात गेला. घरी मी एकटी. चिंगी ६ वर्षांची आहे, निम्मं आयुष्य रस्त्यावर गेलंय, उचललेलं तिला मुळीच खपत नाही. टॉवेलात गुंडाळलं की मागच्या मागे सटकते. झोपेत गाठून पाहिलं, तर ऐन वेळी जागी होऊन फिस्कारली आणि काल रात्री माझ्या पायाशी झोपायलाही आली नाही. बोचकारल्याचं मला काही वाटत नाही, पण हे फार लागलं.

अ‍ॅट्रोपिन गेलं तेव्हा तिच्या तोंडाला फेसच आला. घाबरून डॉक्टरांना फोन केला. औषध कडू असतं, डोळ्यातून नाकात आणि तिथून घशात उतरतं, म्हणून लाळ गळते, असं ते म्हणाले. तेव्हापासून झाकणाचा आवाज आला की ती पलंगाखाली.

आत्तापर्यंत ८ वेळा थेंब जायला हवे होते, नीट गेले असतील जेमतेम ३ वेळा. डोळ्याच्या काळजीने झोप लागत नाही. कुणी एकट्याने हे केलं आहे का? एक थेंब पडला की दोन हे कळत नाही, त्याने काही बिघडतं का? डोळा चोळता येऊ नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर दिली होती, पण ती घातली की जेवत नाही म्हणून मी काढून ठेवली आहे.

प्रतिसाद १

समोरून जाऊ नका. समोरून येणारा हात मांजराला झडप वाटतो. जमिनीवर गुडघे टेकून बसा आणि तिला दोन मांड्यांच्या मध्ये घ्या, तिची पाठ तुमच्याकडे. मांजर निसटतं ते मागे सरकून, आणि तिथे तुम्ही असता. अंगावर भार मात्र टाकायचा नाही. एका हाताने हनुवटी खालून उचलून तोंड वर करा. बाटलीचा हात तिच्या कपाळावर टेकवा, म्हणजे तिने डोकं हलवलं तरी हात सोबत हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही. त्याच हाताच्या करंगळीने वरची पापणी जरा मागे ओढा आणि थेंब वरच्या पांढऱ्या भागावर सोडा. बुबुळावर नेम धरायची गरज नाही, डोळा मिटला की औषध आपोआप पसरतं. एकच थेंब पुरतो. त्याहून जास्त मांजराच्या डोळ्यात मावतच नाही, दुसरा गालावरून ओघळतो. टोक डोळ्याला किंवा केसांना लागू देऊ नका.

प्रतिसाद २

वरची पद्धत बरोबर आहे, पण पलंगाखालून ओढून आणून थेंब घालू नका. तिची लपायची आणि झोपायची जागा औषधापासून लांबच ठेवा, नाहीतर तिला घरात कुठेच निर्धास्त वाटणार नाही. वेळेच्या आधीच लपायला जागा नसलेल्या खोलीत न्या, झाकणही तिच्या नजरेआड आधीच काढून ठेवा. थेंब गेला की त्याच क्षणी तिचा सर्वांत आवडता खाऊ, जो एरवी मिळत नाही. शिवाय अधूनमधून बाटलीशिवाय नुसती हनुवटी उचलायची, खाऊ द्यायचा आणि सोडून द्यायचं. माझ्या बोक्याला ३ दिवस लागले.

प्रतिसाद ३

ताई, कॉलर आजच परत घाला. तिने पंजाने चोळलं तर जखम खोल जाईल. जेवताना तुमच्यासमोर काढा, जेवण झालं की लगेच घाला. बुडलेले थेंब भरून काढायला एकदम जास्त घालू नका. किती वेळा चुकलं ते डॉक्टरांना खरं खरं सांगा, मलम चालेल का तेही विचारा. मलम डोळ्यात जास्त वेळ टिकतं. घरात डोळ्याचं जुनं औषध असेल तर त्याला हातही लावू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर अल्सर चिघळतो. आणि डोळा पांढुरका, ढगाळ किंवा बुळबुळीत दिसला तर ५ दिवस न थांबता लगेच घेऊन जा.

धागाकर्ती

आज सकाळी मांड्यांमध्ये घेऊन थेंब घातला. पहिल्याच वेळी गेला! तिने डोकं झटकलं, पण माझा हात कपाळावर होता. दुपारीही जमलं. कॉलर परत घातली आहे. डॉक्टरांशी बोलले, त्यांनी उद्याच बोलावलंय आणि डोळा पाहून मलमाचं ठरवू म्हणाले. अ‍ॅट्रोपिनने बाहुली मोठी होते आणि उजेड खुपतो, असं त्यांनी सांगितलं, म्हणून पडदे ओढून ठेवले आहेत. चिंगी अजून पलंगाखालीच आहे, पण खाऊची वाटी पुढे केली तर तोंड बाहेर काढून खाल्लं.