भावाची पुण्यातली दंडाची केस, अग्निवीरच्या कागदात लिहायची का?

वाईकडची_ताई:
धाकट्या भावासाठी विचारतेय, मी इथं लिहितेय हे त्याला माहीत नाही. पुण्याला डिप्लोमाला होता तेव्हा रूमवरच्या पोरांच्या नादाने गांजा ओढायला लागला, वर्षभर तरी चाललं असणार. एका रात्री चौघं टेकडीवर बसलेले असताना पोलिसांनी उचललं, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं, दंड भरला आणि सुटले. आम्हाला घरी कळलं ते कितीतरी नंतर आणि ते पण मित्राच्या आईकडून. डिप्लोमा अर्धवट टाकून गावी आला, तेव्हापासून त्या वाटेला गेलेला नाही हे मी स्वतः बघतेय, पहाटे उठून कॅनॉलच्या रस्त्याने पळतो, आल्यावर आंब्याच्या फांदीला पुलअप्स. सीईई (भरतीची लेखी परीक्षा) पास झालाय, आता ग्राउंड आणि मेडिकल राहिलंय.

अकॅडमीतले सर म्हणतात तोंड उघडायचं नाही, दंड म्हणजे काय केस नव्हे, सिग्नल तोडल्यावर पावती फाडतात तसं ते. मामा फौजेतून रिटायर झालेत, ते म्हणतात खरं सांग नाहीतर जाऊच नको. घरात दोन तट पडलेत. त्याचे सगळे फॉर्म मीच भरते, म्हणून मलाच टेन्शन. काय करावं?

पळतोय_पहाटे:
ताई गप बसा सरळ. आमच्या ग्रुपमधली कितीतरी पोरं ग्राउंडच्या आधी इंजेक्शन टोचून घेतात, त्यांना कोण विचारतंय? साडेपाच मिनिटांत १६०० मीटर मारला, १० पुलअप काढल्या की फुल्ल मार्क. स्वतःहून कशाला पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

सुभेदार_रिटायर्ड:
पहाटेवाल्या, ते इंजेक्शन बहुतेक मेफेन्टरमाइनचं असतं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं बीपी खाली गेलं की डॉक्टर ते देतात, पोरांनी पळायला घ्यायची वस्तू नव्हे ती, बीपी आणि ठोके एकदम चढतात. रॅलीच्या नोटिफिकेशनमधे पण ताकद वाढवणाऱ्या औषधांना बंदी आहे, सापडला की बाहेर. ते लिहिलेलं कोण वाचत नाही एवढंच.

आता ताई तुमचं. तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. त्यानं गांजा ओढला ही एक, आणि कोर्टात दंड भरला ही दुसरी. पहिलीचं म्हणाल तर कुठल्या कागदावर स्वतःहून निबंध लिहायचा नाही. मेडिकलला डॉक्टरनं विचारलं, कुठली नशा केलीयेस का, तर सरळ सांगायचं, ओढत होतो, अमुक साली सोडला, नंतर नाही. ते बघतात ते व्यसन. सध्या लागलेली सवय आहे का, हातावर सुयांच्या खुणा आहेत का, वागण्याबोलण्यात काही दिसतंय का. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सुद्धा गांजा काही आठवडेच सापडतो, त्यामुळं टेस्टची भीती त्याला नाही. आणि तंबाखूचं विचारून घरी पाठवायला लागले असते तर आमची निम्मी पलटण स्टेशनवरूनच परत गेली असती, ते सोडा.

दुसरी गोष्ट मात्र वेगळी. भरतीच्या वेळी अधिकारी फॉर्ममधले प्रश्न विचारतो आणि त्याआधी बजावतो की खोटं उत्तर दिलंस तर शिक्षा आहे. आर्मी अॅक्ट १९५० चं कलम १३ बघा. आणि जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर कलम ४४, पाच वर्षांपर्यंत कैद. अकॅडमीवाले सर तेव्हा शेजारी नसतात.

कराडचा_वकील:
सुभेदार साहेबांशी सहमत. ताई, आधी एक काम करा, त्या दिवशी नेमकं काय झालं त्याचे कागद बघा. पोलिसांनी दम देऊन सोडलं असेल तर काहीच नाही. पण कोर्टात दंड भरला म्हणताय म्हणजे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चं कलम २७ असणार, सेवन केल्याचं. गांजासाठी त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरं काय करतात, न्यायाधीशानं गुन्हा कबूल का विचारलं की हो म्हणून मोकळी होतात, कारण घरी कळायच्या आत सुटायचं असतं. ती कबुली आणि तो दंड म्हणजे दोषसिद्धी, शिक्षा झाली असंच धरतात. सिग्नलच्या पावतीशी त्याचा काही संबंध नाही, सरांना नमस्कार सांगा माझा.

त्याचं तेव्हा वय काय होतं? अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ कामाला येतं, त्या निकालामुळं पुढं कुठं अपात्र ठरवता येत नाही.

वाईकडची_ताई:
भावाला शेवटी सांगितलं मी, आधी चिडला मग बॅगेतून घडी घातलेला कागद काढून दिला. कलम २७च आहे, आणि वय तेव्हा १९ पूर्ण. म्हणजे ते बाल कायद्याचं गेलं. पण केस पुण्याची आणि चारित्र्य दाखला सातारा पोलिसांचा, तिथं दिसेल का?

कराडचा_वकील:
दिसू शकतं. पोलीस ठाणी आता सीसीटीएनएसवर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या देशभरच्या कॉम्प्युटर नेटवर्कवर, जोडलेली आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातलं आहे म्हणून दडून राहील या भरवशावर राहू नका. आणि आज नाही दिसलं तर ट्रेनिंगमधे असताना व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट येतो, तेव्हा घरी यायला लागणं जास्त वाईट.

अटक, खटला, दंड, शिक्षा असं विचारलेल्या रकान्यात ‘होय’ लिहायचं, खाली तारीख, कलम, दंड भरल्याचं दोन ओळीत. सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१६ चा निकाल आहे, त्यात म्हटलंय की माहिती दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते, किरकोळ गुन्हा असेल तर मालक दुर्लक्ष करू शकतो, पण खरं सांगितलं तरी घ्यायलाच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे खरं लिहून पण नाही म्हणू शकतात, हे भावाला आधीच सांगून ठेवा.

जाताजाता इथं वाचणाऱ्या बाकी पोरांसाठी. एनडीपीएसमधे प्रोबेशन, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका, सहसा मिळत नाही, पण कलम ३३ मधे २७ ला अपवाद ठेवलाय. दंड भरून पळण्याऐवजी वकील लावून प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट १९५८ खाली सुटका मागता येते, आणि तशी मिळाली तर त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की त्या दोषसिद्धीमुळं अपात्रता लागत नाही. कोर्टाच्या पॅसेजमधे हे कुणी सांगत नाही, घाई असते सगळ्यांना.

पळतोय_पहाटे:
वकील साहेब म्हणजे खरं सांगून पण घरी आणि खोटं सांगून पण घरी?

सुभेदार_रिटायर्ड:
खरं सांगून कदाचित घरी. खोटं सांगून घरी, वर ४४ चं कलम, नाहीतर चार वर्षं रोज पोस्टमनची भीती. वर चार वर्षांनी पंचवीस टक्के पोरांनाच फौजेत पुढं ठेवतात, त्यांच्यात राहायचं म्हटलं की परत सगळा रेकॉर्ड उघडणार. आणि ताई, फॉर्म भावालाच भरू दे. सही त्याची, अक्षर पण त्याचंच पाहिजे.

वाईकडची_ताई:
बरं. लिहिणार आहे म्हणतोय तो. निकालाची सर्टिफाइड कॉपी काढायला पुण्याला त्यालाच जावं लागेल का?

कराडचा_वकील:
अर्ज त्याच्या सहीचा, बाकी वकिलामार्फत होतं. केस नंबर आणि तारीख घेऊन नक्कल विभागात अर्ज द्यायचा. दोन प्रती काढा, एक घरी ठेवा.