घरच्या कॉफीसाठी फ्रॉदर (दुधाला फेस आणणारे उपकरण) कोणता घ्यावा?

प्रश्न: माझ्याकडे सेलवर चालणारा हातातला फ्रॉदर आहे; परंतु म्हशीचे दूध उकळून लगेच घुसळले, तर मोठाले बुडबुडे येतात आणि कप ओठाला लागेपर्यंत फेस बसतो. दूध तापवणारा विजेवरचा फ्रॉदर घ्यावा का?

उत्तर १: इतक्यात खर्च करू नये. दुधाचा फेस प्रथिनांमुळे टिकतो आणि फार कढत दुधात तो लवकर बसतो. म्हणून साय काढलेले, फ्रिजमधले गार दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच, म्हणजे भांड्याला हात जेमतेम लावता येईल इतकेच, तापवावे.

उत्तर २: भांडे अर्धेच भरावे, अन्यथा ओटा पुसत बसावे लागते (अनुभव आहे). तारेचे चक्र आधी पृष्ठभागालगत, मग खोल धरावे.

प्रश्नकर्ता: आज तसे केले, फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकला.