शिकारी कुत्र्याला ‘सीझर’ म्हणावे की ‘मोत्या’?

रानवाटा: “मराठी नावे लांबवर ऐकू जात नाहीत, म्हणून धावणाऱ्या कुत्र्याला सीझर, टायगर, रॉकी हीच नावे शोभतात,” असे एका सदस्याने काल आपल्या कारवानी या शिकारी जातीच्या पिल्लाविषयी लिहिले. माझ्याने ते वाचून गप्प बसवत नाही. या गृहस्थांनी माळावर उभे राहून वाऱ्याविरुद्ध ‘टायगर’ अशी हाक कधी मारून पाहिली आहे काय? शेवटचा ‘र’ तोंडातच राहतो. दूरवर पोचतो तो स्वर, आणि म्हणूनच मोत्या, वाघ्या, खंड्या, हरणी, बिजली अशी नावे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. शेवटचा ‘आ’ किंवा ‘ई’ छातीत दम असेल तितका ताणता येतो. झेनोफन या ग्रीक लेखकानेही शिकारी कुत्र्यांची नावे आखूड ठेवावीत म्हणजे हाक मारणे सोपे जाते, असे सांगून नावांची लांबलचक यादी दिली आहे. फिलॅक्स म्हणजे पहारेकरी आणि लोंखे म्हणजे भाला, ही त्यांतलीच दोन. त्याने परक्या भाषेतून नावे उसनी आणली नव्हती.

पिल्लूवाला: तो सदस्य मीच. आपल्याच नियमाने ‘रॉकी’ उत्तीर्ण होतो, आणि ज्याची साक्ष काढलीत तो फिलॅक्स ‘क्स’वर संपतो. झेनोफनला माळावर कोणी नेले नव्हते, असे समजावे काय?

रानवाटा: ‘रॉकी’ सोडला. ‘सीझर’ सोडणार नाही.

जतकर: नावाचा एवढा काथ्याकूट करणाऱ्यांनी हे कुत्रे पाळलेले दिसत नाही. ते वासावर नव्हे, नजरेवर धावते. समोर ससा उठला की त्याला मोत्या काय आणि महाराज काय, काहीच ऐकू येत नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशामागे कुत्रे सोडणे हा गुन्हा आहे. तेव्हा हाक लागते ती परत बोलावण्यासाठी, आणि तिथे नावापेक्षा सवय महत्त्वाची. नाव घेऊन कधीही रागावू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

सोलापुरी ताई: सवयीचे म्हणणे मान्य, पण नाव अगदीच बिनमहत्त्वाचे नाही. माझ्या माहेरी कुत्रीचे नाव हौसेने ‘बसंती’ ठेवले आणि तिला ‘बस’ हा हुकूमही शिकवला. परिणाम असा झाला की, लांबून “बसंती” अशी हाक आली की ती निम्म्या वाटेत थांबून मुकाट्याने खाली बसायची आणि वडील बांधावरून संतापाने हातवारे करीत राहायचे. चुलत्यांनी तर भावकीतल्या एका माणसाच्या नावावरून कुत्र्याला ‘पक्या’ म्हणायला सुरुवात केली. त्या दोन घरांत अजून लग्नपत्रिका जात नाही.

घटप्रभा: मूळ चूक कोणीच दाखवीत नाही. ‘कारवानी’ म्हणजे काय? जातीचे नाव मुधोळ आहे. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली आणि 2005 साली टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावरही मुधोळ हाउंड असेच छापले आहे.

जतकर: तिकिटावर छापले म्हणून कुत्रे बदलत नाही. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी ते कारवान हाउंड आहे. आमच्या भागात आजोबांच्या वेळेपासून त्याला कारवानी आणि अंगावर झुलुपे असलेल्याला पश्मी म्हणतात. संस्थानिकांचे श्रेय त्यांना लखलाभ. पण ज्या धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी भाकरी घालून ही जात टिकवली, त्यांचा शब्द का पुसायचा?

घटप्रभा: दुसरी एक राष्ट्रीय संस्था मुधोळ हेच नाव वापरते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. महाराष्ट्राबाहेरच्या गावाचे नाव आले की आपल्या पोटात दुखते, हे स्पष्ट दिसते.

रानवाटा: कृपा करून कुत्र्याच्या अंगावर सीमाप्रश्न घालू नका. माझा विषय हाक मारण्याच्या नावाचा होता.

जतकर: विषय नावाचाच चालला आहे. ज्यांना कुत्र्याची जात नीट सांगता येत नाही, त्यांनी झेनोफन सांगू नये.

सोलापुरी ताई: माझ्या वडिलांनी कारवानी म्हणून विकत घेतलेले पिल्लू शेजाऱ्यांनी मुधोळ म्हणून दुप्पट किमतीला मागितले होते. या वादात कोणाचा फायदा आहे, ते यावरून कळावे.

पिल्लूवाला: सर्व विद्वानांचे आभार. माझ्या आईने ‘सीझर’चे ‘सिझऱ्या’ कधीच करून टाकले आहे, आणि पिल्लू त्यालाच शेपूट हलवते. लसीकरणाच्या कार्डावर मात्र सीझरच राहील.

रानवाटा: म्हणजे शेवटी ‘आ’ आलाच. आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा.

घटप्रभा: त्या कार्डावर जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे?

पिल्लूवाला: डॉक्टरांनी ‘देशी’ लिहिले आहे.