सरकारची तूट कमी झाली, तुमच्या घरची? (अनुभव धागा)

धागाकर्ती, नौपाडा
फेब्रुवारीत अर्थसंकल्पानंतर टीव्हीवरचे तज्ज्ञ खूश होते. २०२०-२१ साली जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेलेली वित्तीय तूट (सरकारच्या कमाईपेक्षा जास्त झालेला खर्च) २०२५-२६ मध्ये ४.४ टक्क्यांवर येणार म्हणे. येऊ दे बापडी. इकडे आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकलेल्यांची यादी लांबत चालली आहे, आणि आजवर ज्यांचा चेक सगळ्यांच्या आधी यायचा त्यांचीही नावं तिच्यात दिसायला लागली आहेत. कमिटीवर असल्यामुळे ती यादी नोटीस बोर्डावर मलाच लावावी लागते. सरकारी काटकसरीची झळ तुमच्या घरात कुठून शिरली, की शिरलीच नाही, ते लिहा. पक्षीय धुळवड इथे नको.

वागळेकर
वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातून निवृत्त झालो. ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेचं, किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, आजही तेवढंच. माझं त्याहून थोडं जास्त, म्हणजे गॅस सिलिंडर आणि बीपीच्या गोळ्या सुटतात. वाढवा म्हटलं की निधीची तरतूद नाही, हे कारण पुढे करतात.

रेल्वेत ज्येष्ठांना सवलत होती, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५०. मार्च २०२० मध्ये कोविड म्हणून बंद केली. कोविड गेला, सवलत काही परतली नाही. आम्ही दोघं शिमग्याला आणि गणपतीला चिपळूणला जायचोच. आता शिमग्याला मी एकटा जातो, घर उघडून झाडलोट करायला कुणीतरी हवं ना. ही म्हणते, "तुम्ही जाऊन या, माझ्या तिकिटाच्या पैशात डोळ्यांचे थेंब येतील." तिला काचबिंदू आहे. थेंबांची एवढीशी बाटली, आणि उघडली की महिन्याभरात संपवायची.

ऐरोलीचा आयटीवाला
काका, वाचून गलबललं.
माझी नोकरी गेली त्याच सुमारास १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करमाफी जाहीर झाली. नातेवाइकांचे अभिनंदनाचे मेसेज आले. उत्पन्नच नाही तर माफी कशावर घेऊ?

घर कासारवडवलीला, कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावर माझं व्याज हलतं, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, ती थेट माझ्या साठीपलीकडे. आता दर उतरलेत म्हणून मुदत जरा आत आलीय, इतकंच.

खरा फटका मेडिक्लेमचा. आयकार्ड जमा केलं त्या दिवशी आई-बाबांचं कंपनीचं कव्हर संपलं. दोघंही सत्तरीपुढचे, बाबांना मधुमेह. नवी पॉलिसी घेतली, प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, छानच झालं. मी प्रीमियम भरला होता ऑगस्टमध्ये.

पनवेलचा कंत्राटदार
छोटी सरकारी कामं घेतो, गटारं, कुंपणभिंती, शाळेच्या खोल्यांची डागडुजी. एका कार्यालयाकडे माझं बिल अडकलंय. काम पुरं, एमबीवर (कामाच्या मोजमापाच्या वहीत) नोंद झाली, सही झाली, बिल पास. पैसे मागितले की "निधी आला नाही". सरकारी हिशेब रोखीवर चालतो, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? पैसे हातातून गेले तरच खर्च धरला जातो. माझं बिल पुढच्या वर्षात ढकललं की यंदाची तूट तेवढी कमी दिसणार. बिलावरचा जीएसटी मात्र मी खिशातून भरून बसलोय. मजुरांची मजुरी दिली ती बायकोच्या पाटल्या गहाण टाकून.

नेरूळ बँकर
शिव्या पडतील, तरी उलट बाजू लिहितो. राज्यांचा वाटा धरून केंद्राच्या हातून जाणाऱ्या दर रुपयातले साधारण २० पैसे नुसत्या व्याजात जातात. १९९१ मध्ये देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं ते मी बँकेत नवा असताना पाहिलंय. तूट मोकळी सोडली तर महागाई वाढते, आणि सगळ्यात आधी वागळेकरांची एफडी खाते. लगाम हवाच.

कोपरीकर
@नेरूळ, लगाम हवाच. पण सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्के केला, सरकारनेच सांगितलं की वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला. त्या आठवड्यात तुटीवर कुणी अग्रलेख लिहिलेले मला आठवत नाहीत. उलट शेअर बाजारात दिवाळी! मग २०२० उजाडलं आणि आमचा महागाई भत्ता गोठवला, जानेवारी २०२० ते जून २०२१, तीन हप्ते. त्यातून ३४,४०२ कोटी वाचले. थकबाकी मिळणार नाही असं संसदेत सांगून झालंय. मी केंद्रातून निवृत्त, पेन्शन बरं आहे, वागळेकरांसमोर रडणं शोभत नाही. लगाम कुणाच्या तोंडात, एवढंच विचारतोय.

घणसोली_३१
एका सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत डेटा एन्ट्री करते. शेजारच्या टेबलावर तेच काम करणारे कायम आहेत, पगार दुपटीहून जास्त. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने बाह्य यंत्रणेमार्फत भरतीचा जीआर काढला, गदारोळ झाला, ऑक्टोबरमध्ये रद्द केला. आम्ही पेढे वाटले होते. माझं अकरा महिन्यांचं पत्र अजून अकरा महिन्यांचंच आहे. लग्नाच्या स्थळांना "परमनंट का?" हा पहिला प्रश्न असतो, रंगाबिंगाचं नंतर.

नेरूळ बँकर
@कोपरीकर, २०१९ चा मुद्दा मान्य. गुंतवणूक वाढेल म्हणून ती कपात केली होती, तेवढी वाढलेली मलाही दिसली नाही. तरी कर्ज काढून भत्ते द्यावेत असं मी म्हणणार नाही.

खारघर, विमा एजंट
ऐरोलीकरांसारखी वेळ कुणावर येऊ नये म्हणून कामाचं. नोकरी जातेय अशी कुणकुण लागली की आयकार्ड परत करायच्या आधीच एचआरला विचारा. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आई-बाबांचं कव्हर असेल तर त्यांनाही, आणि प्रतीक्षाकाळातली (जुन्या आजाराचा खर्च मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळातली) झालेली वर्षं धरली जातात. अर्ज मुदतीत करावा लागतो आणि लेखीच करा. ऐरोलीकर, बाबांच्या मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ नव्या पॉलिसीत किती लावलाय, ते सांगाल का?