सल्ला हवा: ट्रायथलॉनमध्ये सायकलवरून उतरून लगेच पळायला कोणते बूट, आणि टी-टू (सायकल सोडून पळायला लागायच्या मधला टप्पा) झटपट कसं उरकावं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. या मोसमात गोव्याची आयर्नमॅन ७०.३, म्हणजे हाफ आयर्नमॅन ट्रायथलॉन, करायचं पक्कं केलंय. मिरामारला १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि शेवटी २१.१ किमी पळणं. याआधी ऑलिंपिक अंतरापर्यंतच, म्हणजे साधारण याच्या निम्म्यापर्यंतच, मजल गेली आहे. पोहणं आणि सायकल यांचं फारसं टेन्शन नाही, घोडं अडतं ते टी-टूपाशी. सायकलवरून उतरल्यावर कंबर अवघडलेली, बोटं घामाने निसरडी, आणि अशात वाकून नाड्या बांधत बसायचं. तेवढ्यात चार जण पुढे निघून जातात.

विचारायचंय ते असं. खास ट्रायथलॉनचे म्हणून विकतात ते बूट घ्यावेत, की सरावाच्या बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या लावून भागेल? मोजे घालायचे की नाही? आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन तट पडलेत. आणि तळात कार्बनची कडक पट्टी असलेल्या, कार्बन प्लेटवाल्या बुटांचा माझ्यासारख्याला उपयोग आहे का? पाय पुढून रुंद, वजन ८० किलोच्या आसपास, नुसती हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत होते. पैसे एकाच जोडीपुरते आहेत, म्हणून आधी विचारून घेतोय.

घाटमाथा

बूट बदलू नका, नाड्या बदला. ज्या बुटांत तुम्ही महिनोन् महिने लांब पळताय आणि जे पायाला लागत नाहीत, तेच शर्यतीत घाला. या सगळ्या खेळात इलॅस्टिकच्या नाड्यांइतकी स्वस्तात एवढा फायदा देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. डेकॅथलॉनमध्ये मिळतात, ऑनलाइनही मिळतात.

दोन प्रकार आहेत. एका प्रकारात साधी ताणणारी दोरी आणि वर दाबून सरकवायचं लॉक. दुसऱ्यात नाडीलाच ठरावीक अंतरावर जाड गाठी असतात, ओढली की गाठ बारीक होऊन भोकातून जाते आणि सोडली की फुगून तिथेच अडकते. रुंद पायाला दुसरा प्रकार बरा, कारण प्रत्येक भोकापाशी ताण वेगळा ठेवता येतो. चवड्यावरच्या दोन-तीन जोड्या सैल आणि घोट्याजवळच्या घट्ट, असं जमतं. लॉकवाल्या दोरीत ताण सगळीकडे सारखा पसरतो आणि रुंद चवडा आवळला जातो.

ओवायच्या कधी, हेही महत्त्वाचं. संध्याकाळी, लांब पळून आल्यावर, पाय फुगलेले असताना, बूट पायात ठेवून ओवा. सकाळी थंड पायांवर ताण बसवलात तर उन्हात पाय फुगल्यावर वरच्या बाजूला मुंग्या येतात. उरलेली टोकं लगेच कापू नका, एक-दोन लांब पळणी होऊ देत. ताण बरोबर बसलाय की नाही याची परीक्षा सोपी आहे: मागची पट्टी धरून ओढली की पाय एका दमात आत गेला पाहिजे, आणि उतारावर पळताना टाच बुटात वर-खाली होता कामा नये. एक जमतंय आणि दुसरं नाही, तर अजून जुळवायला हवं.

आता खास ट्रायथलॉनच्या बुटांबद्दल. त्यांतला सगळ्यांत ओळखीचा असिक्सचा नूसा ट्राय, ऑस्ट्रेलियातल्या नूसाच्या शर्यतीवरून नाव मिळालेला. अशा बुटांत वेगळं काय असतं? टाचेला धरून ओढायला मोठी पट्टी, पाय घालताना न दुमडणारी जीभ आणि आतून कमी शिवणी. दुकानात पायात घालून बघा, चवड्याला मोकळा वाटला आणि पुढची जोडी घ्यायची वेळ आलेलीच असेल तर जरूर घ्या. पण नुसत्या पट्टीसाठी नवी जोडी नको. बूट शिवणाऱ्या कारागिराकडून टाचेला जाड नाड्याची कडी शिवून घ्या आणि जीभ एका बाजूने आत टाचून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. फक्त टाका आतल्या बाजूला पायाला लागेल असा नको, एवढं त्यांना बजावून सांगा.

मांडवीकिनारा

मी पणजीत राहते, म्हणून इथल्या हवेचं सांगते. ही शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. तुम्ही पळायला लागाल तेव्हा ऊन वर आलेलं असतं आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. मग प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी डोक्यावर पाणी ओतून घ्यावंसं वाटतं, आणि घ्यावंच. ते पाणी पोटऱ्यांवरून ओघळून थेट बुटात जातं. म्हणजे २१ किमीतला बराचसा भाग तुम्ही ओल्या बुटांनी पळणार आहात, हे धरूनच तयारी करा. जाळीदार वरचा भाग आणि पाणी धरून न ठेवणारा आतला तळ हवा. जाड मऊ अस्तराचे बूट दुकानात छान वाटतात, इथे ते भिजून जड होतात. शर्यतीआधी एकदा मुद्दाम बुटांत पाणी ओतून ८-१० किमी पळून बघा. कुठे घासतं ते त्याच दिवशी कळेल.

मोजे घाला. पातळ, सिंथेटिक, घोट्यापर्यंतचे. सुती अजिबात नकोत. ओल्या पायावर मोजा चढत नाही ही खरी तक्रार असते, त्यावर उपाय आहे. आदल्या दिवशी मोज्यात थोडी टाल्कम पावडर टाकून झटका, मग वरून खाली गुंडाळत आणा, इतकं की फक्त बोटांचा भाग उघडा राहील. ही गुंडाळी बुटाच्या तोंडात ठेवा. टी-टूत पायाची बोटं त्यात घालायची आणि गुंडाळी टाचेकडे उलगडत न्यायची. सरावाने एका पायाला पाचेक सेकंद लागतात.

आणखी एक. मिरामारची वाळू पायाला चिकटून सायकलच्या बुटात जाते आणि ९० किमीनंतरही बोटांच्या बेचक्यात तशीच असते. टी-वनमध्येच, म्हणजे पोहून सायकलकडे जायच्या टप्प्यातच, पाय धुवायला पाण्याची एक जादा बाटली ठेवा. पळतानाच्या फोडांची सुरुवात तिथे होते.

वेगवाट

मोज्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. मी २१ किमीसुद्धा मोज्यांशिवाय पळतो. अंगठ्याची कड, टाचेचा मागचा काठ, करंगळीचा वरचा भाग आणि तळव्याची कमान, या चार ठिकाणी व्हॅसलिन. थेट पायाला न लावता बुटाच्या आतल्या त्या-त्या जागेला लावायचं, म्हणजे टी-टूत हात बरबटत नाहीत. बाकी बुटात पावडर. मात्र कातडी तयार व्हायला वेळ द्यावा लागतो. आधी २ किमी, मग ५, मग १०, असं वाढवत न्यायचं. वीस सेकंद सहज वाचतात.

घाटमाथा

वेगवाट, तुमची पद्धत पक्की आहे आणि स्प्रिंट (सगळ्यांत छोटं) किंवा ऑलिंपिक अंतराला मीही तेच सांगेन. पण पंचगंगाकाठ यांच्या बाबतीत हिशोब करून बघू. २० सेकंद २१.१ किमीवर पसरले तर किलोमीटरमागे एक सेकंदही पुरता होत नाही. पंधराव्या किलोमीटरला टाचेला फोड आला तर उरलेल्या सहा किलोमीटरमध्ये मिनिटंच्या मिनिटं जातात.

ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचं गणित निराळं असतं. तिथे सायकलवर एकमेकांच्या आडोशाने जायला परवानगी असते, सगळे घोळक्याने टी-टूत शिरतात आणि पाच सेकंद उशीर झाला की पुढचा गट हातचा जातो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ट्रायथलॉनला निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्डेन यांची अधिकृत वेळ एकच होती, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. सुवर्ण कुणाचं हे फोटो बघून ठरवावं लागलं. तिथे मोज्यांचे सेकंद मोजणं रास्त आहे. आपल्या ७०.३ मध्ये आडोसा घ्यायला बंदी असते, प्रत्येक जण घड्याळाशी एकटा झुंजतो. तिथे न दुखणारा पाय हाच वेग.

सातमाळा

बुटांवर वर भरपूर चर्चा झाली आहे. मी शर्यतींत तांत्रिक अधिकाऱ्यांच्या मदतीला असते आणि दर वेळी जाणवतं की लोकांचा वेळ नाड्यांपेक्षा 'आता काय करू?' यात जास्त जातो. क्रम अंगवळणी पडला पाहिजे.

शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये गिअर हलका करा, पाय भरभर फिरवा, एकदा उभं राहून पाठ आणि पोटऱ्या ताणून घ्या. उतरायच्या रेघेच्या आधी उतरायचं, नंतर नाही. मग खोगीर धरून सायकल ढकलत रॅकपाशी. सायकल रॅकला लागल्याशिवाय हेल्मेटच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. दमलेला माणूस सवयीने आधी पट्टा सोडतो, आणि त्यासाठी दंड होतो. दंड थोरामोठ्यांनाही चुकत नाही. लंडन ऑलिंपिकमध्येच ब्रिटनच्या जोनाथन ब्राउनलीने टी-वनमध्ये ठरलेल्या रेघेआधी सायकलवर टांग टाकली म्हणून त्याला १५ सेकंद थांबावं लागलं होतं. त्यातूनही त्याने कांस्य मिळवलं, पण पळता पळता थांबून उभं राहणं काय असतं याचा विचार करा.

हेल्मेट काढलं की सायकलचे बूट काढायचे, मोजे, पळायचे बूट, आणि निघायचं. बाकी सगळं पळता पळता. त्यासाठी टोपी उलटी ठेवून तिच्यात नंबरचा पट्टा, गॉगल आणि जेल टाकून ठेवा. एकाच हाताने टोपी उचलायची आणि बाहेर पडता पडता एकेक गोष्ट अंगावर चढवायची. आयर्नमॅनच्या बऱ्याच शर्यतींत पळायच्या सामानाची वेगळी पिशवी असते, तिथेही हीच टोपी सगळ्यांत वर ठेवा. बसायला खुर्ची असेल तर खुशाल बसा. दमलेल्या अवस्थेत एका पायावर तोल सावरण्यापेक्षा बसून बूट लवकर चढतात.

आदल्या दिवशी आपली रांग शोधून ठेवा: आत शिरल्यावर कितवी, कोणत्या खांबाच्या किंवा झाडाच्या समोर. शेजारच्याच्या रंगीत सायकलवरून खूण ठरवू नका, तुम्ही याल तेव्हा ती तिथे असेलच असं नाही.

कातळशिल्प

कार्बनबद्दल थोडक्यात. सव्वादोन तासांच्या वेगाला मी एका जोडीच्या बजेटमध्ये कार्बन सुचवणार नाही. उंच, मऊ फोमवर ९० किमीनंतरचे थकलेले घोटे डुलतात, आणि रुंद पायाला यांतले बरेच बूट निमुळते पडतात. अधलामधला पर्याय हवा असेल तर सॉकनीचा एंडॉर्फिन स्पीड बघा, त्यात नायलॉनची प्लेट असते आणि सरावालाही चालतो. उंच तळाचा काहीही घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने रस्त्यावरच्या बुटांच्या तळाला ४० मिमीची मर्यादा घातली आहे. त्याहून जाड बूट विकत मिळतात, म्हणून शर्यतीची नियमपुस्तिका वाचूनच पैसे मोजा.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बूट तेच ठेवतो, गाठीच्या नाड्या मागवल्यात. अजून दोन शंका. काही जण बूट पेडललाच ठेवून अनवाणी उडी मारून उतरतात, ते शिकावं का? आणि सायकलनंतर पहिले दोन किलोमीटर पाय लाकडासारखे होतात, त्याला काय करता?

सातमाळा

उडी मारून उतरणं या शर्यतीसाठी नको. त्याला एका-दोन रुंद पट्ट्यांचे ट्रायथलॉनचे सायकल-बूट लागतात, चावी फिरवून घट्ट करायचे बूट चालत्या सायकलवर काढणं जिकिरीचं आहे. शिकायचंच असेल तर मोकळ्या मैदानात, हळू वेगात शिका, शर्यतीच्या गर्दीत नाही. तुम्ही रेघेपाशी थांबून शांतपणे उतरा. फक्त बुटांना रस्त्याच्या सायकलचे प्लॅस्टिकचे क्लीट (पेडलमध्ये अडकणारे तुकडे) असतील तर ओल्या लादीवर किंवा डांबरावर जपून, ते घसरतात.

घाटमाथा

लाकडी पायांवर ब्रिकच्या, म्हणजे सायकलनंतर लगेच पळायच्या, सरावाखेरीज उपाय नाही. आठवड्यातून एकदा घरी ट्रेनरवर २० मिनिटं सायकल, मग खरंखुरं टी-टू, हेल्मेट आणि गुंडाळलेल्या मोज्यांसकट, मग सोसायटीभोवती १ किमी पळणं. असं ओळीने तीन वेळा. दीडेक तासात तीन टी-टू होतात आणि नाड्यांचा ताणही तपासला जातो.

उतरल्यावर भान ठेवा. सायकलवर पाय भरभर फिरवायची लय अंगात असते, त्यामुळे पाय जड वाटत असले तरी प्रत्यक्षात बहुतेक जण ठरवल्यापेक्षा जोरात पळत सुटतात. घड्याळ बघा आणि पहिला किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा १५-२० सेकंद सावकाश जाऊ द्या. पहिल्या पाण्याच्या टेबलापर्यंत पाय आपले वाटायला लागतात.

मांडवीकिनारा

पंचगंगाकाठ, रात्री पावसाची सर आली तर? त्या दिवसांत इथे येते कधीकधी. रॅकपाशी सामान मांडायचं असेल तर बूट आणि गुंडाळलेले मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड दुमडून ठेवा, गाठ मारू नका. ओल्या हाताने ती सुटत नाही.